लिफ्टमधली नोटीस

बलदियाची नोटीस लिफ्टमध्ये लागते
महिन्याच्या पहिल्या रविवारी.
शफीकुल ती आरशाच्या बरोबर मधोमध चिकटवतो,
त्यामुळे वाचताना आपलं अर्धं तोंड दिसतं
आणि भांग नीट करताना अर्धी नोटीस.

वर अरबी, खाली इंग्रजी.
मराठी मी करते, चौथा मजला येईपर्यंत,
पेडणेकर काकूंसाठी,
ज्यांचा चष्मा कायम सुनेच्या खोलीत असतो.

प्रिय रहिवासी,
बुधवारी डासांची फवारणी, खिडक्या लावून घ्या.
गॅलरीत कपडे वाळत घालू नका. दंड होईल.
(काकू म्हणतात, मग ऊन कशाला दिलंय एवढं?)
शुक्रवारी किनारा साफ करायला या, हातमोजे मिळतील.
बागेत मुलांची पतंग स्पर्धा, पतंग आपापला आणावा.
वाऱ्याचं काही लिहिलेलं नाही.
आणि वादीत गाड्या लावू नयेत.

वादी म्हणजे इथली कोरडी नदी,
रुवीच्या डोंगरातून उतरलेली, पाणी नसलेली.
वर्षभर तोंड उघडत नाही,
मग एका दुपारी दहा गाड्या घेऊन जाते.
आपल्याकडे वादी म्हणजे फिर्याद करणारा.
दोन्ही अर्थ एकाच माणसात मी पाहिले
ते मार्चमध्ये,
नोटिशीची शेवटची ओळ जेव्हा म्हणाली
रहिवाशांच्या सूचनांचे स्वागत आहे.

परकारचाचा, श्रीवर्धनचे,
एकतीस वर्षं लोकांचे डिशडाशे शिवतात,
त्यांनी लिफ्टचं दार पायाने अडवून विचारलं,
रहिवासी म्हणजे आपण पण का गं?
मी कार्ड काढून दाखवलं. लिहिलंय की, रहिवासी.
खाली संपण्याची तारीख,
दुधाच्या पिशवीवर असते तशी.
ते म्हणाले, मग अजून नासलेलो नाही. लिही.

बस थांब्यावर बाक आहे, छप्पर नाही.
दुपारी त्या बाकावर मांजरसुद्धा बसत नाही.
एवढंच लिहिलं.
टायपिंग सेंटरच्या बिजूने त्याचं साहेबी अरबी केलं,
मांजर गाळलं,
अर्धा रियाल घेतला.
चाचांनी जोडपत्र लावलं स्वतःच्या हाताचं:
बाकाची लांबी शहाऐंशी इंच, रुंदी सोळा,
माप दोनदा घेतले आहे.

एप्रिल गेला. मे, जून
आम्ही भिंतीच्या सावलीतून भिंतीच्या सावलीत उड्या मारत गेलो.
ऑगस्टच्या नोटिशीत,
फवारणी आणि हरवलेल्या पोपटाच्या मधे,
एक ओळ होती:
रहिवाशांच्या मागणीनुसार थांब्यावर छप्पर बसवण्यात आले आहे.
चाचांनी ती माझ्याकडून तीनदा वाचून घेतली.
मागणीनुसार, म्हणाले,
आणि लिफ्ट तळमजल्यावर आली तरी उतरले नाहीत,
पुन्हा वर गेले.

छप्पर चांगलं आहे. निळं, दोन खांबांवर.
फक्त दुपारी तीनला
सावली बाकाच्या मागे पडते,
पूर्वेला, फुटपाथवर.
आम्ही सगळे तिथे एका रांगेत उभे राहतो,
नर्सेस, क्लिनर, शाळेतून सुटलेली पोरं,
आणि पुढे बाक रिकामा,
कुणा मोठ्या पाहुण्यासाठी राखून ठेवल्यासारखा.

चाचांनी एक डोळा मिटून बघितलं,
ट्रायलला आलेल्या गिऱ्हाइकाकडे बघतात तसं.
खांदा उतरलाय, म्हणाले.
दोन फूट पश्चिमेला घ्यायला लागेल.

मी म्हटलं, चाचा, नोव्हेंबरात तुमच्या कार्डाची तारीख आहे.
हो, म्हणून तर लवकर, म्हणाले,
गळ्यातली टेप काढली,
एक टोक माझ्या हातात दिलं.
धर. सावलीच्या कडेवर धर,
हलू देऊ नकोस.

ती हलत होती.
लाल बस आली, थांबली.
ड्रायव्हरने हॉर्न दिला नाही,
दार उघडं ठेवून तो बघत राहिला
आम्ही आकडा लिहून घेईपर्यंत.